पेटीवरून पलीकडे

बेलरिव्ह, सँटी नदी
१९ ऑक्टोबर १८७४

एस्थर,

पपा गेले. पंधरवडा झाला. तार का केली नाही म्हणून तू चिडशील, आणि चीड बापडी. तार करायची तर जॉर्जटाऊनला माणूस पाठवावा लागतो, आणि त्याला सांगावं लागतं की तार कोणाला. तू गेल्यापासून सोळा वर्षं या घरात तुझं नाव कोणी घेतलेलं नाही. ते पहिल्यांदा एखाद्या गाडीवानासमोर घ्यायचं माझ्या जिवावर आलं. पत्राचं बरं असतं, पाकीट आपलं आपल्याला बंद करता येतं.

तुझा फिलाडेल्फियाचा पत्ता पॉलच्या कपाटात मिळाला. आपला भाऊ तुला चोरून लिहीत होता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण विचारलं नाही. पॉलचं तुला कळलं असेलच. बायको बाळंतपणात गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो तापाने. त्यांची सबीना माझ्याजवळ असते. चार वर्षांची आहे, मला आत्या म्हणते, आणि हट्टीपणात थेट तुझ्यावर गेली आहे. मला या जगात दुसरं कोणी नाही, हे मी तुला रडगाणं म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते.

पपांनी मरण ओढवून घेतलं. पहिलं दव गोठेपर्यंत नदीकाठी झोपायचं नाही, तोवर पाइनच्या रानातल्या घरातच राहायचं, हे आपल्याला पाळण्यात शिकवलेलं. पण त्यांना भाताची कापणी डोळ्यांनी बघायची होती. आता शेतं अर्धी मोडलीत, बांध फुटलेत, कापणारी माणसं आता गुलाम नाहीत, स्वतंत्र आहेत आणि मनाला येईल तेव्हा येतात, तरी यांना ओसरीत बसून हुकूम सोडायचे होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. इथे झोपले, ताप आला, संपले.

दफनाचं सगळं थिओडोरने पाहिलं. चुलतभाऊ थिओडोर आठवतो ना, लहानपणी घाटावरून चिखलात पडून रडायचा तो? आता तो कॉर्डेर घराण्यातला शेवटचा पुरुष आहे आणि हे तो जेवताना, उठताना, बसताना सांगतो. दगडावर काय कोरायचं तेही त्यानेच ठरवलंय: ‘कृपाळू धनी, न्यायी पिता.’ पपांनी मृत्युपत्रात सबीनाचा पालक म्हणूनही त्यालाच नेमलं. मुलगी माझ्याकडे राहते ती त्याच्या मर्जीने.

आपली दाई माम हेगर अजून आहे, तिने रीत पाळली. फिलाडेल्फियातल्या लोकांनी तुला हसून हसून विसरायला लावलं नसेल तर आठवत असेल. मेलेल्याच्या रक्तातलं सगळ्यात लहान मूल, नाव आणि नातं मोठ्याने सांगून, शवपेटीवरून या हातातून त्या हातात द्यायचं. म्हणजे मेलेला माणूस त्या मुलाच्या मागे लागत नाही. आजोबांच्या पेटीवरून तुला दिलं होतं तेव्हा तू हेगरच्या कानातला डूल ओढला होतास. पाद्रीबाबांनी आपल्या टोपीकडे बघितलं, थिओडोरने नाक मुरडलं, पण सबीना पलीकडे गेली. मला बरं वाटलं. लहानपणापासूनच्या दाईने जे हाडांत भरलंय ते एका प्रार्थनेच्या पुस्तकाने जात नाही.

त्यानंतर थोडा गोंधळ झाला. ते लिहिण्यासारखं नाही.

ओसरीवरची ती लांब डुलती फळी अजून आहे, जिच्यावर आपण तिघं बसून उड्या मारायचो. काल दुपारी मी मटार सोलत होते. वारा नव्हता. फळीचं एक टोक खाली गेलं, जड माणूस बसल्यावर जातं तसं, आणि खालीच राहिलं. मी मटार घेऊन आत आले.

तुझी बहीण,
ज्यूडिथ


३ नोव्हेंबर

एस्थर,

सोळा वर्षांनी उत्तर आलं आणि त्यात काय तर दोन प्रश्न. ‘गोंधळ कसला? सीली तिथे होती का?’ माझी तब्येत विचारली असतीस तर कागद फाटला नसता.

होती. कुठे जाणार? हेगर आणि तिची ही लेक, दोघी स्वातंत्र्य मिळाल्यावरही इथेच राहिल्या, नदीकडच्या त्याच खोपटात. सीलीने टायटस सुताराशी लग्न केलं. तिची मुलं जगत नव्हती, एकामागून एक गेली. या वर्षी कापसाला बोंडं धरली तेव्हा एक मुलगा झाला, एफ्रम, आणि तो जगला. गुटगुटीत पोर. पपांची पेटी टायटसनेच घडवली, सायप्रसच्या लाकडाची. फार सुबक केली होती.

आता सांगतेच, नाहीतर तू तिसरं पत्र पाठवशील. सबीनाला टायटसने पलीकडे उतरवून घेतलं. मी खांदेकऱ्यांना खूण करणार तेवढ्यात सीली पुढे आली आणि तिने एफ्रमला आपल्या आईच्या हातात दिलं. हेगरने त्याला पपांच्या पेटीवर धरलं. तिचे हात आता थरथरतात, तेव्हा थरथरत नव्हते. म्हणाली, ‘एफ्रम. सीलीचा. या माणसाचा नातू.’

मळ्यावरची माणसं खाली बघत होती, आपली माणसं झाडांकडे. मार्था काकूचा पंखा थांबला. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं, एस्थर. ते मला सगळ्यात झोंबलं. मी आयुष्यभर झाकली मूठ घेऊन फिरले, आणि ती सगळ्यांनी कधीच मोजून ठेवली होती.

टायटसने हात पुढे केले होते. मी म्हटलं, ‘पुरे झालं. उचला.’

खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. मूल हेगरच्याच हातात राहिलं. ना अलीकडे ना पलीकडे.

आता तू म्हणशील, मी हेच सांगितलं होतं. हो बाई, सांगितलं होतंस. पाहुण्यांनी भरलेल्या टेबलावर, सीली हातात भाताचं भांडं घेऊन उभी असताना, अगदी गोड आवाजात: ‘पपा, आमची बहीण जेवायला कधी बसणार?’ पपांनी तोंडातला घास सावकाश संपवला. आईने पाहुण्यांना सांगितलं, मुलीला ताप आहे. दुसऱ्या सकाळी तुझी ट्रंक बोटीवर चढली. तू मोकळी झालीस. घासलेली भांडी, आईचे हुंदके आणि सीलीचं तोंड मला बघावं लागलं. ती त्या दिवसानंतर भात वाढताना कधी वर बघत नसे.

एफ्रमला ताप आहे. दफनाच्या रात्रीपासूनच. डॉक्टर म्हणाले नदीचा ताप, आणि कडू पूड देऊन गेले. मीच पाठवलं होतं त्यांना, आणि एक कोंबडीही, सूप करायला. पहिलं दव गोठलं की ताप उतरतो, सगळ्यांना माहीत आहे.

सबीना मात्र ठणठणीत आहे. दुपारी ओसरीवर एकटी खेळते. काल मी विचारलं, कोणाशी बोलतेस गं? म्हणाली, ‘आजोबांशी. ते माझ्याकडे बघत नाहीत. दुसरं बाळ कुठेय विचारतात.’

मी तिला आत घेतलं आणि ओसरीचं दार लावलं.

ज्यूडिथ


१२ नोव्हेंबर

एस्थर,

दव गोठलं. सोमवारी सकाळी अख्खं कुरण पांढरं झालं होतं. एफ्रमचा ताप उतरला नाही.

मी खोपटावर गेले. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच, दोन पावलांवर असून. दाराला निळा रंग ताजा दिलेला, उंबऱ्यावर आडवा झाडू, रात्री छातीवर बसणारी भुतं आत येऊ नयेत म्हणून. टायटस बाहेर लाकूड फोडत होता. मला बघून त्याने टोपी काढली नाही, फोडतच राहिला. आत सीली बाळाला घेऊन बसलेली. ते पोर एवढंसं झालंय. त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्या खांद्याच्या मागे, जरा वर, बघत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही. माझी छातीच झाली नाही.

‘कडू पूड देतेस ना?’ मी विचारलं.

‘देते, मिस ज्यूडिथ.’

‘दूध पितो?’

‘ते येतात तेव्हा नाही पीत.’

मी विचारलं नाही कोण. हेगर कोपऱ्यातून बोलली. ती मला अजून ‘पोरी’ म्हणते, मला दूध पाजलंय तिने, त्यामुळे तिला कोण काय बोलणार.

‘पोरी, त्या माणसाला तू मूल दाखवलंस आणि हिसकावून घेतलंस. आता तो मागायला येतोय.’

‘मी नाही दाखवलं, तू दाखवलंस.’

‘मी द्यायला निघाले होते. देऊन टाकलं असतं तर तो हक्क सोडून गेला असता. अर्धवट दिलेलं मूल मेलेला माणूस आपलं समजतो.’

‘मग आता काय, थडगं उकरू?’

‘उकरायचं कशाला? त्याच्या पोटच्यापैकी एकाने त्याच्या थडग्यावर जायचं. भर दिवसा, चार माणसांत. मुलाचं नाव घ्यायचं, नातं सांगायचं, आणि म्हणायचं, याला आम्ही ठेवून घेतलाय, तू जा.’

‘मग सीलीला सांग की. तीही—’

तिथे माझी जीभ अडखळली. सीली बाळाकडेच बघत होती. हेगर हसली. दात नसलेलं ते हसणं.

‘तीही काय, पोरी? बोल ना. एवढंच तर बोलायचंय.’ मग हसू आवरून म्हणाली, ‘सीलीचं तो जिवंतपणी ऐकत नव्हता, मेल्यावर काय ऐकेल. ज्यांना त्याने टेबलावर बसवलं त्यांचं ऐकेल.’

पॉल गेला. म्हणजे उरलो आपण दोघी.

हे सगळं भाकड आहे, मला ठाऊक आहे. फिलाडेल्फियात बसून तुला तर हसूच येईल. पण एस्थर, काल जेवताना भाताच्या भांड्याचं झाकण काढलं तर मधोमध बोटांनी चाचपल्याचा खळगा होता. शिजलाय की नाही हे पपा तसंच बघायचे, आठवतं, वाढण्याआधी, उभ्या उभ्या? स्वयंपाकीण शपथेवर सांगते तिने हात लावला नाही. सबीनाने तो भात खाल्ला. मला गेला नाही.

मी थिओडोरला आडून आडून विचारलं. पाद्रीबाबांसमोर दोन शब्द बोलून एखाद्या आजारी पोराच्या आईचं समाधान होत असेल तर काय बिघडतं, असं. त्याने सुरी-काटा खाली ठेवला. ‘ज्यूडिथ,’ म्हणाला, ‘अंगणात जे झालं तो म्हातारीचा चळ होता असं मी सगळ्यांना सांगितलंय आणि सगळ्यांनी ते मोठ्या मनाने मानलंय. तेच जर कॉर्डेरांच्या मुलीच्या तोंडून आलं तर ते खरं ठरतं. आणि ज्या घरात ते खरं आहे, त्या घरात सबीना एक दिवस राहणार नाही.’ मग वाटाणे खाऊ लागला. तो वाईट माणूस नाही, एवढंच की त्याला कधी शंका येत नाही.

म्हणून लिहिते. तू ये. तुझ्याकडून कोणी काय काढून घेणार? तू तर एकदा बोलूनच बसली आहेस, तुझ्या जिभेला सवय आहे. चार्ल्सटनपर्यंत आगबोट आणि तिथून टपालाची होडी. तुला यायला वेळ लागेल, पण मी सीलीला सांगितलंय की मिस एस्थर येतेय. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं.

ये. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

ज्यूडिथ


२२ नोव्हेंबर

एस्थर,

तुझं पत्र मिळालं. ‘निघते आहे. पण वाट बघू नकोस. तू तिथेच आहेस.’ बस्स! लांबून शहाणपण शिकवणं सोपं असतं. तुझी मुलं मोठी झाली, तुझा नवरा तुझ्या बाजूने बोलतो, तुला रविवारी चर्चमध्ये या लोकांच्या बाकाला बाक लावून बसायचं नाहीये. सबीना रात्री झोपेत माझी वेणी मुठीत धरते. ती मूठ सोडवायची कशी, तेवढं लिही.

तरी मी गेले. मला काय समजतेस? गुरुवारी पहाटे, धुकं होतं, कोणी उठायच्या आत. थिओडोरचा दगड अजून बसवलेला नाही, नुसता मातीचा उंचवटा आहे. त्यावर गवत उगवलं नाहीये. बाकी सगळीकडे दव होतं, त्या उंचवट्यावर नव्हतं, माती कोरडी आणि कोमट. मी हातमोजा काढून हात लावला म्हणून सांगते.

मी म्हटलं. सगळं म्हटलं. एफ्रम, सीलीचा, तुमचा नातू. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता इतक्या हळू, पण म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर मला तंबाखूचा आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास आला, एस्थर, दाढी केल्यावर यायचा तो, इतक्या जवळून की मी मान फिरवली असती तर गालाला गाल लागला असता. मी लहान असताना त्या वासासाठी जिन्यावर थांबून राहायचे. मला ते आवडायचे. हे तुला कधी कळणार नाही. तू त्यांच्याशी भांडलीस म्हणून तू त्यांची लाडकी होतीस, मी नुसती उपयोगाची.

त्या दिवशी एफ्रम दूध प्याला. दुपारी सीली स्वतः सांगायला आली, मागच्या दाराशी. मी तिला म्हटलं, आत ये. ती म्हणाली, इथेच बरं आहे. पण हसली होती ती. तिचं हसणं पॉलसारखं आहे, एका बाजूने आधी सुरू होतं. मी ते पूर्वी कधी बघितलं नव्हतं असं लिहिणार होते.

शुक्रवारी ताप परत आला, आधीपेक्षा जास्त. मी हेगरकडे धावले. म्हटलं, मी केलं, तू सांगितलंस तसं केलं, मग?

‘कोणी ऐकलं?’ तिने विचारलं.

‘त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे ऐकलं.’

‘तो आयुष्यभर एकट्यात सगळं कबूल करत होता, पोरी. माझ्याजवळही करायचा. रडायचासुद्धा. दिवस उजाडला की कोट घालून बाहेर. चार माणसांत बोललेलंच त्याला लागू होतं. ताकाला जाऊन भांडं लपवतेस होय?’

रविवारी करीन असं ठरवलं होतं. चर्च सुटल्यावर, सगळ्यांसमोर. निळा पोशाख काढून ठेवला, मग काळा घातला. प्रार्थना संपली, सगळे थडग्यांमधून गाड्यांकडे निघाले. मी सबीनाचा हात धरून पपांच्या मातीजवळ उभी राहिले. तोंड उघडलं. थिओडोर जवळ आला, सबीनाला उचलून घेतलं, तिला कडेवर घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, ‘हवा चांगली पडलीय.’

तू चार्ल्सटनला पोचलीस की लगेच निरोप पाठव. मी होडीपाशी स्वतः येईन. हेगर म्हणते अजून वेळ गेलेली नाही. सीली रोज विचारते, मिस एस्थर कुठवर आली. मी म्हणते, येतेय, येतेय. तू येईपर्यंत ते पोर नक्की तग धरेल, त्याचा जीव चिवट आहे, आजोबांसारखा.

ज्यूडिथ


३० नोव्हेंबर

एस्थर,

हे पत्र चार्ल्सटनला टपालघरात तुझ्या नावाने ठेवायला सांगते आहे. वादळामुळे आगबोट अडकली असं कळलं. आता घाई करू नकोस.

एफ्रम शुक्रवारी गेला. दुपारी, ऊन असताना, सीलीच्या मांडीवर. मी तिथे नव्हते. सबीना ओसरीवर होती. ती आत आली आणि म्हणाली, आजोबा उठले. मी धावत खोपटाकडे गेले तर टायटस पायरीवर बसला होता, नुसता. त्याने मला जायला वाट दिली. हेगर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिने मला ‘पोरी’ म्हणून दोन बोल सुनवले असते तर मी तिचे पाय धरले असते.

सबीनाला न्यायला थिओडोरची गाडी परवा येणार आहे. तिचे कपडे बांधून झाले. तिला वाटतंय जत्रेला चाललोय. हे का, ते सांगते.

शनिवारी सीलीच्या लोकांच्या दफनभूमीत, नदीच्या वळणावर, त्याला पुरलं. टायटसने दुसरी पेटी केली, तशीच, सायप्रसची. ती एक माणूस काखेत धरून नेईल एवढी. मळ्यावरची सगळी माणसं होती. मी सबीनाला घेऊन मागे उभी राहिले, जिथे उभं राहायचा मला हक्क नव्हता तिथेच, पण कोणी जा म्हणालं नाही. थिओडोर नेमका पपांचा दगड घेऊन गाडीने आला होता. घरात कोणी नाही म्हणून शोधत तिथे आला. बरोबर गवंडी, गाडीवान आणि पाद्रीबाबा, दगडावर प्रार्थना म्हणायला आणलेले.

पेटी दोन खुर्च्यांवर ठेवली होती. गाणं थांबलं. सीली एकटीच पेटीच्या पलीकडे उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

‘ज्यूडिथ, सबीनाला दे.’

मिस म्हणाली नाही. मला क्षणभर कळलंच नाही ती कोणाला हाक मारतेय.

‘कशाला?’ मी विचारलं.

‘त्याला खेळायला कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘त्याने तिला अंगणात पाहिलंय. सोबत हवी म्हणून तिच्याकडे येईल तो. लहान आहे, त्याला काय कळतंय. तिला देऊन टाक पलीकडे, म्हणजे तिला काही होणार नाही.’

ज्या मुलाला मी पलीकडे जाऊ दिलं नाही त्याची आई हे म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता. मला त्यात टोमणा शोधायचा होता, म्हणजे मला रागावता आलं असतं. नव्हता.

मी सबीनाला उचललं. जड झालीय आता. पेटीवर धरलं. रीत तुला माहीत आहे, नुसतं धरून भागत नाही, देणाऱ्याने बोलावं लागतं. थिओडोर माझं नाव घेऊन काहीतरी म्हणाला. मी बोलले. त्या उघड्या माळावर, गवंड्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. ‘सबीना. पॉलची मुलगी. या बाळाची मामेबहीण. हिला तिच्या आत्याच्या हातात देतेय.’

जीभ अडखळली नाही. भाजी आणायला सांगावी तसे शब्द बाहेर पडले. जे इतके दिवस एका पोरासाठी माझ्या तोंडून निघेना, ते दुसऱ्या पोरासाठी एका दमात निघालं, कारण हे पोर आपलं होतं. मला ते बोलतानाच कळलं, आणि पलीकडे हात पसरून उभ्या असलेल्या सीलीला माझ्याही आधी कळलेलं होतं. तिने मागितलं तेव्हाच तिला ठाऊक होतं की यावेळी मी बोलेन.

तिने सबीनाला घेतलं. थोडा वेळ छातीशी धरून ठेवलं, डोळे मिटून. मग खाली उतरवलं, तिच्या झग्याची गुंडी नीट लावली आणि म्हणाली, ‘जा, घरी जा.’ माझ्याकडे तिने बघितलं नाही. टायटसने पेटी उचलली.

ज्यूडिथ